बर्लिनमध्ये एक सेमिस्टर: आधी पत्ता, मग बाकीचं

दोन वर्षांच्या मास्टर्ससाठी बर्लिनला जाणाऱ्याला चुकायला आणि सुधारायला वेळ असतो. एका सेमिस्टरसाठी जाणाऱ्याला तो नसतो. हिवाळी सेमिस्टर कागदोपत्री 1 ऑक्टोबर ते 31 मार्च असलं, तरी वर्ग भरतात ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, आणि त्यातही नाताळची दोनेक आठवडे सुट्टी. उन्हाळी सेमिस्टर 1 एप्रिल ते 30 सप्टेंबर, पण वर्ग एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंतच. म्हणजे हातात खरे तीन-चार महिने. आणि इथली सरकारी, बँकेची, विम्याची कामं आठवड्यांच्या हिशेबाने चालतात, बरीचशी पोस्टाने. काय करायचं हे नेटवर शंभर ठिकाणी सापडेल. पंचाईत होते ती क्रम चुकल्यामुळे.

क्रमात पहिला येतो पत्ता. बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड, टॅक्स नंबर, व्हिसा वाढवायचा असेल तर त्याचा अर्ज, सगळं पत्त्याला टांगलेलं आहे. म्हणून खोली शोधताना भाडं आणि फोटो बघण्याआधी एकच प्रश्न विचारा: इथे आनमेल्डुंग करता येईल का? आनमेल्डुंग म्हणजे राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत महापालिकेच्या कार्यालयात, म्हणजे ब्युर्गरआम्टमध्ये, आपला पत्ता नोंदवणं. हा देशभरचा कायदा आहे. त्यासाठी भाडेकरार पुरत नाही, घर देणाऱ्याने सही केलेला एक वेगळा एकपानी फॉर्म लागतो. त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. नाव पाठ करू नका, मोबाइलमध्ये लिहून ठेवा. हा फॉर्म घरमालकानेच द्यायला हवा असं नाही. तुम्ही पोटभाडेकरू असाल तर मूळ भाडेकरूही सही करू शकतो. पण बरेच मूळ भाडेकरू मालकाला न सांगता खोली देतात आणि म्हणून सही करायला घाबरतात. "नोंदणी सोडून बाकी सगळं होईल" असं उत्तर आलं की ती खोली कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या. एक महिना काढायला ठीक, सेमिस्टर काढायला नाही.

एका सेमिस्टरवाल्यांसाठी सगळ्यात सोयीचा प्रकार म्हणजे त्स्विशनमीटे. इथलाच एखादा विद्यार्थी सहा महिने बाहेरच्या देशात जातो आणि आपली खोली सामानासकट भाड्याने देतो. पलंग, टेबल, भांडी, वायफाय सगळं असतं. रिकामी खोली घेऊन फर्निचर जमवण्यात सेमिस्टरचा पहिला महिना जातो आणि शेवटचा महिना ते विकण्यात. विद्यार्थी वसतिगृहं श्टुडिरेंडनवेर्क नावाची संस्था चालवते. तिथे भाडं शहरापेक्षा बरंच कमी, पण प्रतीक्षायादी लांब. एक्स्चेंजच्या मुलांसाठी काही विद्यापीठं तिथल्या थोड्या खोल्या राखून ठेवतात, त्यासाठी आपल्या प्रवेशपत्राबरोबर आलेली मेल नीट वाचायची. त्या मेलमधली अर्जाची तारीख हुकली की ती वाट बंद.

फसवणुकीचा साचा वर्षानुवर्षं तोच आहे: सुंदर फोटो, अर्ध्या भावातलं भाडं, मालक म्हणे लंडनला असतो आणि डिपॉझिट भरलं की किल्ली कुरियरने पाठवेल. खोली बघितल्याशिवाय, निदान व्हिडिओ कॉलवर दाराबाहेरची बेलची पाटी आणि आतली खोली एका सलग कॉलमध्ये दाखवून घेतल्याशिवाय, एक युरोही पाठवू नका. पासपोर्टची प्रतसुद्धा नको.

भाड्याचे दोन आकडे दिसतील. काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं, वार्ममीटे म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा धरून. तुलना नेहमी वार्ममीटेची करा, आणि वीज-इंटरनेट त्यात आहे का ते वेगळं विचारा, बहुधा नसतं. काउत्सिओन, म्हणजे डिपॉझिट, कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकं. खोली ताब्यात घेताना लिखित यादी करून दोघांनी सही करायची: भिंतीवरचे डाग, फरशीवरचे ओरखडे, खिडकीच्या कडेची काळपट बुरशी. फोटो तारखेसकट. हे अर्ध्या तासाचं काम केलं नाही की जाताना जुन्या डागांचे पैसे आपल्या खिशातून जातात.

खोली कुठे घ्यायची हे वस्तीचं नाव बघून ठरवू नका, रेल्वेची लाइन बघून ठरवा. मुंबईकराला हे सांगायला नको. बर्लिनच्या मध्यभागाभोवती रिंगबान ही वर्तुळाकार लोकल फिरते: एस-41 घड्याळाच्या दिशेने, एस-42 उलट, पूर्ण फेरी बरोबर एका तासाची. रिंगच्या आतली घरं महाग आणि दुर्मीळ. पण रिंगच्या बाहेर असलं म्हणजे लांब असं नाही. तांत्रिक विद्यापीठ, म्हणजे टीयू, एर्न्स्ट-रॉयटर-प्लात्सला आहे, तिथे जाणाऱ्याला वेडिंग, अगदी श्पांडाउही चालतं. फ्राइए युनिव्हर्सिटेट नैर्ऋत्येला डालेममध्ये, यू-बानच्या, म्हणजे मेट्रोच्या, यू-3 लाइनवर, तर श्टेग्लित्स किंवा लांकवित्स बघावं. हुम्बोल्ट विद्यापीठाची मुख्य इमारत उंटर डेन लिंडनला असली तरी तिचे भौतिकी, रसायन, संगणक वगैरे विभाग आग्नेयेला आडलर्सहोफला आहेत. तिथे शिकणाऱ्याने शहराच्या मध्यात महागडी खोली घेऊन रोज उलटा प्रवास करण्यात काही अर्थ नाही, क्योपेनिक किंवा श्योनेवायडे बरं. (डालेमचाच विषय निघाला म्हणून: तिथल्या ईनेस्ट्रासेवर, आज फ्राइए युनिव्हर्सिटेटच्या ताब्यात असलेल्या इमारतीत, एकेकाळी मानववंशशास्त्राची संस्था होती. इरावती कर्व्यांनी 1920च्या दशकाच्या अखेरीस पीएचडीचं काम केलं ते त्या संस्थेत. यू-बानच्या स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.)

आता ब्युर्गरआम्ट. शहरात बारा जिल्हे आहेत, पण नोंदणी आपल्याच जिल्ह्यात करायला हवी असं नाही, कुठल्याही कार्यालयात चालते. अपॉइंटमेंट सरकारी संकेतस्थळावरून. "सर्व ठिकाणे" निवडून शोधा. पुढचे तीन आठवडे भरलेले दिसले तर घाबरू नका. लोक अपॉइंटमेंटा रद्द करतात आणि त्या जागा लगेच वर येतात. सकाळी कार्यालय उघडायच्या सुमारास पान पुन्हा पुन्हा ताजं करत बसलं की त्याच आठवड्यातली जागा मिळून जाते, फक्त ती शहराच्या दुसऱ्या टोकाला असेल. जावं. 14 दिवसांच्या आतली तारीख मिळालीच नाही, तर मुदतीत अपॉइंटमेंट घेतल्याची मेल जपून ठेवा. बरोबर न्यायचं: पासपोर्ट, भरलेला नोंदणी अर्ज, आणि तो घर देणाऱ्याचा फॉर्म. फी नाही. काम दहा मिनिटांचं. जो शिक्का मारलेला कागद हातात देतील त्याचा तिथेच उभं राहून फोटो काढा आणि नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. आपल्याकडच्या पासपोर्टांत आडनावाच्या जागी वडिलांचं नाव, किंवा आडनावाचा रकाना रिकामाच, असे प्रकार असतात. तिथे एकदा चुकीचं पडलं की तेच नाव टॅक्स, विमा, बँक सगळीकडे उतरतं.

अर्जात धर्माचा रकाना असतो. तो कुतूहलाचा नाही, कराचा आहे. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट चर्चचे सभासद म्हणून नोंद झाली आणि पुढे पगारावर आयकर लागला, तर त्या कराच्या 9 टक्के चर्च कर बर्लिनमध्ये वर लागतो. बाकीच्यांनी रकाना रिकामा ठेवायचा.

नोंदणी झाली आणि पत्रं येईनात, असं झालं तर बहुतेक वेळा एकच कारण असतं: पत्रपेटीवर नाव नाही. जर्मनीत फ्लॅट नंबर लिहायची पद्धत नाही. पत्त्यात रस्ता आणि इमारतीचा क्रमांक, बस्स. पोस्टमन खाली पेट्यांवरची आडनावं वाचतो, आणि तुमचं आडनाव नसेल तर पत्र "पत्त्यावर राहत नाही" म्हणून परत. ज्या दिवशी किल्ली मिळेल त्याच दिवशी पेटीवर आणि बेलवर आडनावाची चिठ्ठी चिकटवा. तोवरची पत्रं मागवायची असतील तर आपल्या नावाखाली मूळ भाडेकरूचं आडनाव, त्याच्या आधी "सी/ओ" लावून. बँकेचं कार्ड एका पाकिटात आणि पिन दुसऱ्या पाकिटात येतो. त्यातलं एक परत गेलं की दोन आठवडे पाण्यात.

या पत्रांमध्ये एक हमखास येतं: रुंडफुंकबाइट्राग, सरकारी रेडिओ-टीव्हीचं शुल्क, महिना 18.36 युरो. "माझ्याकडे टीव्हीच नाही" हे उत्तर चालत नाही, शुल्क घरावर आहे, टीव्हीवर नाही. पण ते घराला एकदाच. चौघं एका फ्लॅटमध्ये राहत असाल तर आधीपासून भरणाऱ्याचा शुल्क क्रमांक विचारून घ्या, तो पत्राच्या उत्तरात कळवा, आणि आपापसात वाटून घ्या. पत्राकडे दुर्लक्ष केलं तर ते तुम्हाला आपोआप नोंदवून मागच्या महिन्यांसकट बिल पाठवतात. टॅक्सचा 11 अंकी क्रमांकही असाच, न मागता, काही आठवड्यांत पोस्टाने येतो. काम करणार असाल तर तो लागेल. नसाल करणार, तरी फेकू नका.

पैशांचं गणित इथे अडतं. व्हिसासाठी श्पेरकोंटोत, म्हणजे अडवून ठेवलेल्या खात्यात, महिना 992 युरो या हिशेबाने रक्कम भरलेली असते, आणि मुलांची समजूत असते की पोचलो की पैसे मिळतील. मिळत नाहीत. ते खातं चालू करायला तिथलं साधं चालू खातं लागतं, त्याला ओळखपडताळणी लागते, काही बँकांना पत्ता नोंदणीचा कागद लागतो. भारतीय पासपोर्टवर व्हिडिओने पडताळणी सगळ्या बँका करत नाहीत. मग पोस्टात जाऊन प्रत्यक्ष पडताळणी. मिळून पहिला हप्ता हातात यायला तीन-चार आठवडे सहज. आणि नेमका याच काळात पहिलं भाडं, डिपॉझिट आणि विद्यापीठाचं सेमिस्टर शुल्क येतं. म्हणून फॉरेक्स कार्डावर किमान 2,000 युरो वेगळे आणा, आणि 100-150 युरो सुटे रोख. बर्लिनमध्ये अजूनही बरीच छोटी खाण्याची ठिकाणं कार्ड घेत नाहीत. भारतातलं सिम बंद पडू देऊ नका, रोमिंग चालू करून ठेवा, कारण फॉरेक्स कार्डाचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. घरच्यांच्या फोनवर ओटीपी मागवून चालवणारे असतात, पण हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे असतो. बर्लिनच्या संध्याकाळी व्यवहार करताना पुण्यात घर झोपलेलं असतं.

आरोग्य विमा दाखवल्याशिवाय विद्यापीठ नाव नोंदवत नाही, आणि भारतातून घेतलेली प्रवास विम्याची पॉलिसी त्यासाठी चालत नाही. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याने सरकारी पद्धतीच्या विमा संस्थेकडे, क्रांकनकासेकडे, विद्यार्थी दराने नाव घालायचं, महिना साधारण 140 ते 155 युरो. ती संस्था थेट विद्यापीठाला इलेक्ट्रॉनिक संदेश पाठवते. तुम्ही दाखवलेलं पत्र चालत नाही, तो संदेशच पोचावा लागतो, तेव्हा अर्ज करताना विद्यापीठाचं नाव अचूक द्या. स्वस्त खाजगी विमा घेऊन सरकारी विम्यातून सूट मागता येते, पण ती सूट त्या शिक्षणाच्या काळात मागे घेता येत नाही. पुढे मास्टर्सला तिथेच राहायचा विचार मनात असेल तर त्या वाटेला जाऊ नका. आणि एक फट लक्षात ठेवा: हा विमा सेमिस्टरच्या तारखेपासून, म्हणजे 1 ऑक्टोबरपासून सुरू होतो. भाषेच्या वर्गासाठी सप्टेंबरात उतरलात तर त्या महिन्यापुरता प्रवास विमा लागतोच.

तिकिटाचीही तीच गंमत. सेमिस्टर शुल्कात डॉइचलांड-सेमिस्टरतिकीट असतं, नेहमीच्या डॉइचलांड-तिकिटाच्या 60 टक्के किमतीत. त्यावर बर्लिनच्या सगळ्या बस, ट्रॅम, मेट्रो आणि देशभरच्या प्रादेशिक गाड्या, फक्त आयसीई-आयसीसारख्या लांब पल्ल्याच्या सोडून. पण तेही 1 ऑक्टोबरपासून. त्याआधी महिन्याचं साधं डॉइचलांड-तिकीट घेतलंत, तर ते सदस्यत्व असतं, आपोआप संपत नाही. त्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसेही जातात. विमानतळावरून येताना पहिला दंड बसतो तो असा: बर्लिनचे ए, बी, सी असे तीन पट्टे आहेत, बीईआर विमानतळ सी पट्ट्यात आहे, आणि मशीनवर समोर दिसणारं एबी तिकीट तिथे चालत नाही. एबीसी घ्यायचं, आणि कागदी तिकीट असेल तर फलाटावरच्या छोट्या खोक्यात घालून शिक्का मारून घ्यायचा. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे तिकीट नाही. दंड 60 युरो, आणि तपासनीस साध्या कपड्यांत असतात.

स्वयंपाकघर हा विषय मात्र सविस्तर, कारण खरं स्थिरस्थावर होणं तिथेच असतं.

भारतातून काय न्यायचं नाही ते आधी. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे. तूप, पेढे, खवा, पनीर, सगळं त्यात आलं. ताजी फळं-पानं वनस्पती-आरोग्याच्या दाखल्याशिवाय चालत नाहीत, म्हणजे हापूस नाही आणि ताजा कढीपत्ताही नाही. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, कोकम, हिंग, साबुदाणा खुशाल न्या. तूर डाळ न्यायची गरज नाही, भारतीय दुकानात मिळते. सहा महिन्यांसाठी पाच लिटरचा कुकर नेऊ नका, दोन लिटरचा पुरतो. पण शेगडी इंडक्शनची असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर गरमच होणार नाही. तळाला लोहचुंबक चिकटतो तेच भांडं चालतं, घरूनच तपासून न्या.

तूप तिथे करावं. साध्या दुकानात 250 ग्रॅमची लोण्याची वडी मिळते, तिच्यात 82 टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे कढवून 200 ग्रॅमच्या आसपास तूप निघतं. वडी घेताना वेष्टनावर "झाउअररामबुटर" आहे का बघा. ते विरजण लावलेल्या सायीचं असतं आणि त्याच्या तुपाला घरच्यासारखा वास येतो. गोड सायीच्या लोण्याचं तूप होतं, पण वासाला फिकं. मिठाचं लोणी चुकूनही घेऊ नका. मंद आचेवर, बेरी बदामी झाली की लगेच बंद, कारण तिथल्या काचेच्या शेगडीचा तवा बंद केल्यावरही बराच वेळ तापलेला राहतो. भांडं उचलून बाजूला ठेवायचं.

पोळ्यांचं पीठ हा दुसरा अडथळा. पाकिटावरचा 405, 550, 1050 हा आकडा म्हणजे 100 ग्रॅम पीठ जाळल्यावर किती मिलिग्रॅम राख उरते ते. आकडा जितका मोठा तितका कोंडा जास्त. 405 म्हणजे आपला मैदाच. नुसतं फोलकोर्न, म्हणजे सगळ्या कोंड्याचं, घेतलं तर ते जाडसर दळलेलं असतं आणि पोळी लाटताना कडा फाटतात. 1050 घ्या. न मिळाल्यास फोलकोर्न आणि 550 निम्मं-निम्मं, पाणी कोमट, आणि कणीक भिजवून अर्धा तास झाकून ठेवायची. फुलका आचेवर फुगवायची सोय नाही, तव्यावरच कपड्याने दाबून घ्यायचा. श्रीखंडाला मात्र तिथे तोटा नाही: 40 टक्केवाला क्वार्क (चक्क्यासारखा तिथला दुधाचा पदार्थ) 500 ग्रॅम, फडक्यात तीन-चार तास टांगून उरलेलं पाणी काढायचं, पिठीसाखर चवीप्रमाणे. शून्य स्निग्धांशाचा क्वार्क स्वस्त असतो पण त्याचं श्रीखंड खरखरीत होतं. बर्लिनचं नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्या विकत घेऊ नका, पण ते जड आहे. त्यातल्या चुन्यामुळे डाळ-कडधान्यं लवकर शिजत नाहीत, तेव्हा भिजवण जास्त वेळ, आणि हट्टी हरभऱ्याला चिमूटभर सोडा. किटलीत पांढरा थर धरतो, तो व्हिनेगर आणि पाणी उकळून निघतो.

कोथिंबिरीची जुडी, हिरव्या मिरच्या, भेंडी, छोटी वांगी यासाठी सुपरमार्केटात जाऊ नका. नॉयक्योल्न, क्रॉइत्सबर्ग, वेडिंग इथली तुर्की दुकानं बघा. मायबाखउफरला कालव्याच्या काठी मंगळवारी आणि शुक्रवारी बाजार भरतो. संध्याकाळी आवरायच्या वेळी भाव पाडून विकतात, अख्खी पेटी एक-दोन युरोत. तुर्की "स्युझ्मे" दही म्हणजे जवळपास चक्काच, घट्ट दह्याच्या कोशिंबिरीला उत्तम.

आता धूर. बर्लिनमध्ये राहत्या खोल्यांमध्ये धुराचा अलार्म सक्तीचा आहे, आणि एका खोलीच्या वसतिगृहात शेगडी आणि अलार्म यांच्यात जेमतेम तीन मीटर अंतर असतं. फोडणी हा त्याचा नंबर एकचा शत्रू. तेल धूर येईस्तोवर तापवायचं नाही, मोहरी घालून झाकण, खिडकी आधीच सताड उघडी. अलार्म वाजलाच तर एक चूक कधीच करू नका: धूर जावा म्हणून कॉरिडॉरचं दार उघडू नका. खोलीतला अलार्म बहुधा नुसता शिट्टी मारतो. कॉरिडॉरमधला अग्निशमन दलाला जोडलेला असू शकतो, आणि खोट्या अलार्मवर बंब आला तर त्याचं बिल शेकडो युरोंचं, तुमच्या नावावर.

बंद खिडक्या आणि कुकरची वाफ यांचं दुसरं फळ म्हणजे बुरशी. खोलीत कपडे वाळत घातले, भात शिजवला, अंघोळ केली, आणि थंडी म्हणून खिडकी उघडलीच नाही, की महिन्याभरात खिडकीच्या चौकटीपाशी काळे ठिपके येतात आणि डिपॉझिट कापलं जातं. दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून खिडकी पूर्ण उघडायची, पाच ते दहा मिनिटं, मग बंद. खिडकी वरून किंचित कलती ठेवून हीटर चालू ठेवणं हे सगळ्यात वाईट: भिंत गार होते, वाफ तिच्यावरच बसते, आणि हीटिंगचं बिल वाढतं. हीटरच्या खुंटीवरचा 3 म्हणजे साधारण 20 अंश. 5 वर नेल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त जास्त तापते.

रविवारी दुकानं बंद. हाउप्टबानहोफ, ओस्टबानहोफ, फ्रीडरिशस्ट्रासे अशा मोठ्या स्टेशनांतली उघडी असतात, आणि कोपऱ्यावरची श्पेटी नावाची छोटी दुकानं, पण महाग. शनिवारी संध्याकाळी सगळं भरून ठेवा. रविवारी आणि रात्री दहानंतर मिक्सर, ड्रिल, व्हॅक्यूम काही चालवायचं नाही, काचेच्या बाटल्याही कचरापेटीत टाकायच्या नाहीत, आवाज होतो म्हणून. इडलीचं पीठ शनिवारीच वाटून घ्या. प्लास्टिकच्या एकदा वापरायच्या बाटल्या आणि पेयांचे कॅन यांच्यावर 25 सेंट अनामत असते, सुपरमार्केटातल्या मशीनमध्ये परत केल्या की पावती येते, ती काउंटरवर वटवायची.

विद्यापीठात दोन गोष्टी. वेळापत्रकात 10 वाजता लिहिलेला वर्ग बहुतेक 10:15 ला सुरू होतो. शेजारी "सी.टी." असेल तर पंधरा मिनिटं उशिरा, "एस.टी." असेल तर ठोक्याला. आणि वर्गाला नाव घालणं म्हणजे परीक्षेला नाव घालणं नव्हे. परीक्षेची नोंदणी वेगळी, तिची मुदत वेगळी, अनेकदा सेमिस्टरच्या मध्यातच, आणि ती चुकली तर पूर्ण सेमिस्टर बसूनही क्रेडिट शून्य. एक्स्चेंजवाल्यांची नोंदणी काही ठिकाणी ऑनलाइन न होता कागदावर होते. पहिल्याच तासाला प्राध्यापकांना विचारून घ्या. ग्रेड उलट्या चालतात, 1.0 उत्तम, 4.0 काठावर पास. काही विषयांच्या परीक्षा थेट मार्चअखेरीला असतात, त्यामुळे तारखा कळेपर्यंत परतीचं तिकीट बदलता येणारंच काढा, आणि व्हिसाच्या स्टिकरवरची शेवटची तारीख त्यापुढे जाते का ते उतरल्याच्या आठवड्यातच बघा. जात नसेल तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयात, लांडेसआम्ट फ्युर आइनवांडरुंगमध्ये, तेव्हाच अर्ज. तिथली प्रतीक्षा महिन्यांची असते.

आजारी पडलात तर ताप-खोकल्याला हॉस्पिटल नाही, जवळचा हाउसआर्त्स्ट, म्हणजे फॅमिली डॉक्टर. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी 116117 वर फोन, जीवावर बेतलं असेल तर 112. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही. नेहमीची औषधं जास्तीत जास्त तीन महिन्यांची, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या.

निघायची तयारी महिनाभर आधी सुरू होते. देश सोडताना आबमेल्डुंग करावी लागते, निघायच्या आठवडाभर आधीपासून ते निघाल्यावर दोन आठवड्यांपर्यंत. पोस्टानेही होते. तिच्या दाखल्यावर विमा आणि रेडिओ शुल्क बंद होतं. दाखला नसेल तर दोन्हीची बिलं चालू राहतात आणि व्याजासकट तुमच्या मागे लागतात. म्हणूनच दोन वर्षांचा मोबाइल करार किंवा वर्षभराची जिम आधीच घ्यायची नसते, प्रीपेड सिम पुरतं. आणि सगळं बंद करण्याच्या भरात बँकेचं खातं बंद करू नका. घरमालक वर्षाच्या हीटिंगचा हिशेब होईपर्यंत डिपॉझिटचा काही भाग धरून ठेवू शकतो, वसतिगृहही ते लगेच देत नाही, आणि भारतातल्या खात्यात पाठवायचं म्हटलं की शुल्क कापून उशिरा येतं. खात्यात थोडे पैसे शिल्लक ठेवा, कार्ड आणि पिन बरोबर आणा, आणि बँकेकडे पत्ता बदलून घरचा द्या. डिपॉझिट जमा झालं की रक्कम वळती करून खातं ॲपमधून किंवा पत्राने बंद करता येतं.